कोरोनात नाशिकला दुय्यम वागणूक मिळाली की नाही?

पंचवटीकर: काल घरी परत हाच विषय निघाला म्हणून लिहितोय. एप्रिल २०२१ ला काकांना कोरोनासाठी रेमडेसिविरची ६ इंजेक्शनं लागणार होती, नाशिकरोडपासून सातपूरपर्यंत सगळी मेडिकल पालथी घातली, शेवटी पुण्याच्या मित्राने २ मिळवून दिली. मंत्रालयातून बघितलं की महाराष्ट्र म्हणजे मुंबई-पुणे, असं माझं स्पष्ट मत आहे. सुरुवातीला तर आपले स्वॅबपण पुण्याला जायचे, रिपोर्टची वाट बघत बसा. आरोग्य विद्यापीठ १९९८ पासून आपल्या नाशकात, आणि सरकारी मेडिकल कॉलेज तेव्हा अख्ख्या जिल्ह्यात एकपण नाही! कॉलेज नाही म्हणजे त्याची लॅब नाही, रेसिडेंट डॉक्टर नाहीत, मोठं सरकारी हॉस्पिटल नाही, मग साथ आली की हात पसरायचे.

गोदाकाठ: कॉलेजचं मान्य. पण औषध पेशंटच्या आकड्यावर नाही वाटायचं तर कशावर वाटायचं? पेशंट तिकडे जास्त होते. आणि विशाखापट्टणमहून पहिली ऑक्सिजन एक्सप्रेस आली तिचे ३ टँकर नागपूरला उतरले, ४ आपल्याकडे, मुंबईला नाही गेले.

पंचवटीकर: आली कधी ते पण सांगा ना, २४ एप्रिलला. २१ ला आपल्या झाकिर हुसेन हॉस्पिटलमध्ये २२ माणसं गेली होती.

गोदाकाठ: दादा, ती ऑक्सिजनच्या टाकीची गळती होती, पुरवठा कमी पडला म्हणून नाही झालं ते. त्या माणसांचं दुःख या हिशोबात नका घेऊ, प्लीज.

पंचवटीकर: बरोबर आहे, तो मुद्दा मागे घेतो. पण नागपूरचं बघा, हायकोर्टाच्या तिथल्या खंडपीठाने रेमडेसिविरच्या वाटपाची दखल घेतली आणि १०,००० व्हायल द्या म्हणून सरकारला सांगितलं. आपल्याला दाद मागायची तर मुंबईच गाठावी लागते.

सुरगाण्याचा मास्तर: तुम्ही मुंबई मुंबई करताय, आम्हाला नाशिकपण तेवढंच लांब आहे. मे मध्ये १८ ते ४४ ची लस सुरू झाली, नाव कोविनवर, म्हणजे सरकारच्या लस-नोंदणीच्या वेबसाइटवर टाकायचं, आमच्या पाड्यावर रेंजसाठी टेकडी चढावी लागते, पोरं वर जाऊन फोन लावतात तोवर स्लॉट संपलेले. सकाळी केंद्रावर बघतो तर गाड्या सगळ्या शहरातल्या, आणि गावातली माणसं झाडाखाली बसलेली, त्यांच्याच दवाखान्यात त्यांचं नाव यादीत नाही. आधीच लसीची भीती, कशीतरी समजूत काढून आणलेली माणसं ती, परत गेली ती पुन्हा यायला तयार होईनात. याला कोणती वागणूक म्हणायची?

गोदाकाठ: सर, नियम सगळ्यांना एकच होता ना, कुठेही बुक करा.

सुरगाण्याचा मास्तर: नियम एकच होता, रेंज एक नव्हती.

पंचवटीकर: मास्तर, मी स्वतः तेव्हा तुमच्या शेजारच्या पेठ तालुक्यात जाऊन लस घेतली होती. शहरात स्लॉट मिळत नव्हता, घरात काका आजारी, घाबरलो होतो. झाडाखाली कोण बसलंय हे बघितलंपण नाही. मुंबईबद्दलचं म्हणणं मी सोडत नाही, पण तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही.