एसएसएच पुरत नाही ते इथेच

‘एसएसएच चालू असताना लॅबमधल्या मशीनना वेगळा कन्सोल कशाला?’ या प्रश्नावर थोडी भर घालतो. कन्सोल म्हणजे मशीन सुरू होतानाचे संदेशही दाखवणारी आणि कमांड घेणारी थेट जोडणी; एसएसएच म्हणजे नेटवर्कवरून दुरून केलेलं लॉगिन. एसएसएच चालायला कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) वर यावा लागतो, नेटवर्क लागावं लागतं. मशीन बूटलोडरपाशीच (कर्नल सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमपाशी) अडकलं किंवा कर्नल पॅनिक झाला, म्हणजे गंभीर चुकीने थांबला, तर एसएसएचचा काहीच उपयोग नाही. आणि लॅबमध्ये नेमकं हेच होत असतं.

सर्व्हर असतील तर बहुतेकांत बीएमसी (मुख्य मशीनवर देखरेख ठेवणारा छोटा स्वतंत्र कंट्रोलर) असतंच. त्याच्याशी बोलायचा प्रोटोकॉल म्हणजे आयपीएमआय; त्याच्या २.० आवृत्तीचं सीरियल-ओव्हर-लॅन, म्हणजे नेटवर्कवरून मिळणारा कन्सोल, वापरा. फक्त ते उघड्या नेटवर्कवर ठेवू नका. त्या प्रोटोकॉलमध्ये लॉगिन पूर्ण होण्याआधीच पासवर्डचा हॅश (पासवर्डवरून काढलेला सांकेतिक आकडा) समोरच्याला मिळतो, मग तो निवांत बसून फोडता येतो. हा दोष प्रोटोकॉलच्या रचनेतलाच आहे, पॅचने जात नाही. वेगळं व्हीलॅन (त्याच नेटवर्कमधला स्वतंत्र कप्पा) आणि आत शिरायला एक जंप होस्ट (ज्यातूनच पुढे जाता येतं असं मधलं मशीन), एवढं हवंच.

छोट्या बोर्डांना बीएमसी नसतं. तिथे यूएसबी-सीरियल केबली एका जुन्या पीसीला जोडा आणि त्यावर कॉन्सर्व्हर (अनेक कन्सोल एका जागी सांभाळणारा प्रोग्रॅम) चालवा. एकच कन्सोल अनेकांना बघता येतो, टाइप मात्र एका वेळी एकच जण करतो. मला त्याचं लॉगिंग सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण रात्री मशीन का मेलं ते सकाळी वाचता येतं. केबलींना यूडेव्हमध्ये (लिनक्समध्ये जोडलेल्या उपकरणांना नावं देणाऱ्या सोयीत) कायमची नावं द्या, नाहीतर रीबूटनंतर क्रम बदलतो आणि आपण भलत्याच बोर्डावर कमांड देतो.

पॉवर दुरून बंद-चालू करायची सोयही याच्याच जोडीला बघा. गोठलेल्या मशीनचा कन्सोल नुसता दिसून भागत नाही.