घरच्या हवामान केंद्राला दुसऱ्या कंपनीचा वारामापक जोडल्यावर वेग कमी आणि दिशा चुकीची येते

प्रश्न : खानापूर_पश्चिम

नमस्कार. माझे गाव खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात, सह्याद्रीच्या अंगाला आहे. घरी पाच वर्षांपासून एक तयार हवामान केंद्र आहे आणि त्यावरील पावसाची व वाऱ्याची नोंद मी रोज सकाळी गावातील भात व ऊस करणाऱ्या शेतकऱ्यांच्या गटावर टाकतो. फवारणी आज करावी की उद्या, हे बरेच जण त्या नोंदीवरून ठरवतात, त्यामुळे आकडा चुकला तर त्याची जबाबदारी माझ्यावर येते, असे मी मानतो.

मे महिन्यातल्या एका वळवाच्या वादळात फणसाची फांदी पडून वारामापकाचा दांडा मोडला. पर्जन्यमापक आणि तापमानाचा भाग सुखरूप आहे. मूळ सुटा भाग मिळत नाही, म्हणून मी दुसऱ्याच कंपनीचा तीन वाट्यांचा वेगमापक आणि त्याच दांड्यावरचा दिशादर्शक, असा संच मागवला. प्लग तंतोतंत बसला, पण कन्सोलवर (आकडे दाखवणाऱ्या डब्यावर) काहीच उमटले नाही. मग प्लग कापून, मल्टिमीटरने शोधत शोधत चार तारा जोडल्या. आता आकडे येतात, पण ते खरे नाहीत.

शेजारच्या गावातील एका शिक्षक मित्राकडे हातात धरायचा वारामापक आहे. मोकळ्या शेतात दोन्ही शेजारी धरून पाहिले, तेव्हा त्याच्यावर ताशी १८ किलोमीटर असताना माझ्या कन्सोलवर १२ दिसत होते, आणि हे प्रमाण साधारण कायम राहिले. दिशेचे तर काही कळतच नाही. पावसाळी वारा आमच्याकडे पश्चिमेकडून येतो हे लहान मुलालाही ठाऊक आहे, पण कन्सोल कधी नैर्ऋत्य तर कधी पश्चिम-नैर्ऋत्य दाखवतो; निव्वळ ‘पश्चिम’ गेल्या पंधरा दिवसांत एकदाही आले नाही. हाताने दर्शक पूर्वेकडे वळवला तर दक्षिण येते, दक्षिणेकडे वळवला तर ईशान्य. जुन्या केंद्राच्या माहितीपत्रकात ‘सेकंदाला एक स्पंद म्हणजे ताशी २.४ किलोमीटर’ असे आहे. नव्या संचाच्या कागदावर ‘सेकंदाला एक स्पंद म्हणजे ताशी २.२५ मैल’ आणि ‘२० किलोओहम’ एवढेच लिहिले आहे.

संच सदोष आहे, की माझी जोडणी चुकली आहे? शिवाय तो आता कौलारू घराच्या आढ्यावर, जमिनीपासून सुमारे ६ मीटरवर आहे आणि पश्चिमेला साधारण २० मीटरवर ९ मीटर उंचीचा फणस आहे. जागा बदलावी का?

उत्तर : उद्यमबाग_वर्कशॉप

सर, आपला संच सदोष नाही आणि जोडणीही बहुतेक बरोबर आहे. आपण दोन वेगवेगळ्या भाषा बोलणारी यंत्रे एकत्र आणली आहेत, आणि आपण दिलेल्या निरीक्षणांवरून ते आकड्यांत सिद्ध करता येते.

आधी वेग. वेगमापकाच्या आत एक चुंबक आणि एक रीड स्विच (चुंबक जवळ आला की मिटणारा स्विच) असतो. वाट्यांच्या फेऱ्यांबरोबर तो स्विच मिटतो आणि उघडतो. केंद्र फक्त हे मिटणे, म्हणजेच स्पंद, मोजते. एका स्पंदाचा अर्थ काय, हे त्याच्या आत आधीच लिहून ठेवलेले असते. ताशी २.२५ मैल म्हणजे ताशी ३.६२ किलोमीटर. आपल्या कन्सोलला मात्र प्रत्येक स्पंद २.४ चा वाटतो. २.४ भागिले ३.६२ हे ०.६६ येते, म्हणजे ताशी १८ किलोमीटरचा वारा १२ दिसणारच. आपली शेतातली तुलना इतकी नेमकी होती की माहितीपत्रक नसते तरी तिच्यावरून गुणक काढता आला असता. कन्सोलवरील वेगाला १.५१ ने गुणा, किंवा आपल्या केंद्रात तशी सोय असेल तर हा गुणक तिथेच भरा.

दिशेचे दुखणे जास्त खोल आहे. आपल्या जुन्या पद्धतीच्या दर्शकात आठ रीड स्विच आणि आठ वेगवेगळे रोधक असतात. चुंबक कधी एक, कधी शेजारचे दोन स्विच मिटवतो आणि त्यातून सोळा ठरावीक रोध तयार होतात. हे रोध दिशेच्या क्रमाने चढत जात नाहीत. या प्रकारच्या प्रचलित दर्शकांत उत्तरेला ३३ किलोओहम, पूर्वेला १, दक्षिणेला ३.९ आणि पश्चिमेला तब्बल १२० किलोओहम असतो. नव्या संचात मात्र पोटेन्शिओमीटर, म्हणजे फिरवला की रोध बदलणारा एकच रोधक, आहे. त्याचा रोध उत्तरेपासून शून्याने सुरू होऊन एका फेऱ्यात सरळ २० किलोओहमपर्यंत चढतो.

आता आपली निरीक्षणे यावर ताडून पाहा. दर्शक पूर्वेला असताना नवा संच ५ किलोओहम देतो. कन्सोलच्या तक्त्यात त्याला सर्वांत जवळचा आकडा ३.९, म्हणून तो दक्षिण म्हणतो. दक्षिणेला १० किलोओहम. जवळचा आकडा ८.२, आणि तो ईशान्येचा. पश्चिमेला १५ किलोओहम. हा आकडा पश्चिम-नैर्ऋत्येच्या १४.१२ आणि नैर्ऋत्येच्या १६ यांच्या जवळजवळ मध्यावर पडतो, म्हणून कन्सोल या दोहोंत हेलकावे खातो. उत्तर, पश्चिम, वायव्य आणि पश्चिम-वायव्य या चार दिशांना २० पेक्षा मोठा रोध लागतो, तो या संचातून कधीच निघणार नाही. ‘पश्चिम’ पंधरा दिवसांत का उमटले नाही, याचे कारण हेच.

कन्सोलचा तक्ता बदलता येत नसेल तर दोन मार्ग उरतात. जुना दिशादर्शक शाबूत असेल (आपण फक्त दांडा मोडल्याचे लिहिले आहे), तर तोच नव्या दांड्यावर बसवा, कन्सोलला जोडा आणि नव्या संचातील फक्त वाट्या वापरा. मला हा मार्ग सर्वांत सरळ वाटतो. तो शाबूत नसेल, तर वाऱ्यापुरता एक वेगळा ईएसपी-३२ बोर्ड (प्रोग्रॅम भरता येणारा छोटा वाय-फाय बोर्ड) लावून वेग आणि दिशा त्यावर वाचा; पाऊस आणि तापमान जुन्या कन्सोलकडे राहू द्या. पोटेन्शिओमीटरच्या तीन तारा ओळखणे सोपे असते : ज्या दोन तारांमधला रोध दर्शक फिरवूनही साधारण २० किलोओहमवर स्थिर राहतो ती दोन टोके, आणि उरलेली सरकत्या संपर्काची. दोन टोकांना ३.३ व्होल्ट आणि जमीन (ग्राउंड) द्या, मधल्या तारेवरचा विद्युतदाब (व्होल्टेज) मोजा. मात्र ईएसपी-३२ चा स्वतःचा मापक दाबाच्या दोन्ही टोकांना, म्हणजे नेमका उत्तरेच्या आसपास, वाकडा वाचतो. त्यासाठी एडीएस-१११५ हा सोळा बिटांचा वेगळा मापक वापरावा.

आणखी एक गोष्ट राहू नये. दिशांची सरासरी साध्या बेरजेने काढू नका. ३५० अंश आणि १० अंश यांची साधी सरासरी १८० येते, म्हणजे उत्तरेचा वारा नोंदवहीत दक्षिणेचा होतो. प्रत्येक नोंदीचा ज्या (साइन) आणि कोज्या (कोसाइन) काढून त्यांची सरासरी घ्यावी आणि मग तिचा कोन काढावा.

उत्तर : निपाणी_शिवार

वरच्या उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. माझा भर जागेवर आहे, कारण १.५१ ने गुणलेला आकडाही फणसाच्या आडचा असेल तर तो फणसाचाच राहील.

जागतिक हवामान संघटनेच्या निकषानुसार वारा मोकळ्या जागी जमिनीपासून १० मीटर उंचीवर मोजावा आणि अडथळ्यापासूनचे अंतर त्याच्या उंचीच्या किमान दहापट असावे. आपल्या ९ मीटरच्या फणसाला ९० मीटर अंतर हवे, आपल्याकडे २० आहे. तो बाकी कोणत्याही दिशेला असता तर निभावले असते, पण पावसाळ्याचे चार महिने वारा त्याच बाजूने येतो. त्यात आढे हीसुद्धा वाईट जागा आहे. उतरत्या छपरावर चढलेला वारा आढ्यापाशी दाटून वेग घेतो आणि पलीकडच्या उतारावर भोवरे धरतो, म्हणजे फणस आकडा कमी करतो, छप्पर कधी वाढवते, आणि दोहोंची वजाबाकी रोज वेगळी येते. अशा चुकीवर गुणकाचा उपाय चालत नाही.

आपल्या पश्चिमेला उघडे भातशेत असेल तर तिथे बांधावर दीड इंची जीआय पाइप उभा करून त्याला तीन बाजूंनी ताणाच्या तारा बांधाव्यात, असे मला वाटते. १० मीटर जमले नाही तरी हरकत नाही, पण जी उंची असेल ती गटावरच्या नोंदीत रोज लिहा. मोकळ्या शेतात ६ मीटरवरचा वारा १० मीटरवरच्या वाऱ्यापेक्षा साधारण सात-आठ टक्के कमी असतो, म्हणजे फरक सोसण्याजोगा आहे. शिवाय आपला हेतू फवारणीचा आहे. पिकाच्या पाण्याची गरज काढायला अन्न व कृषी संघटनेच्या पद्धतीत २ मीटरवरचा वारा घेतात आणि १० मीटरवरचा आकडा ०.७५ ने गुणून तो मिळवतात. पंपाचे तुषार ज्या थरात उडतात त्याच्या जवळचा आकडा हाच आहे. आमच्याकडे तंबाखू आणि ऊस शेजारी शेजारी असतात, आणि तणनाशक शेजारच्या वाफ्यात गेले तर भावकीत वर्षभर बोलणे बंद होते, म्हणून मी दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहितो.

उत्तर दिशा लावताना मोबाइलचे होकायंत्र लोखंडी पाइपाला टेकवून धरू नये. चार-पाच मीटर दूर जाऊन पाहावे. आपल्या भागात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक एखाद्या अंशाचा आहे, तो सोडून दिला तरी चालतो. हिवाळ्यात दुपारच्या सावलीने याहून चांगले काम होते. बेळगावचे रेखांश सुमारे ७४.५ अंश असल्याने सूर्य माथ्यावर घड्याळातल्या बाराला येत नाही, सरासरीने साडेबाराच्या जरा पुढे येतो. ऋतूनुसार पंधरा मिनिटे मागेपुढे. त्या वेळी ओळंब्याची सावली नेमकी उत्तरेला पडते. मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या सुमारे १० तारखेपर्यंत मात्र सूर्य आपल्या उत्तरेला असतो आणि हीच सावली दक्षिणेला पडते, हे ध्यानात ठेवा. सध्याच्या ढगांत ना सावली ना ध्रुवतारा, तेव्हा उपग्रह नकाशावर आपल्या बांधापासून एखाद्या देवळाच्या कळसापर्यंत रेघ ओढून तिचा कोन घ्या आणि दर्शक कळसाकडे रोखून तेवढे अंश बसवा.

प्रश्नकर्ता : खानापूर_पश्चिम

दोघांचाही मनापासून आभारी आहे. जुना दर्शक उघडून पाहिला, एक स्विच फुटला आहे, त्यामुळे वेगळ्या बोर्डाचाच मार्ग घेतला. दिशा आता पश्चिम येते. पाइप बांधावर उभा केला आहे, ७ मीटर. पण नवीनच अडचण उभी राहिली. वारा अगदी मंद असताना मधूनच ताशी ८०–९० किलोमीटरचा झोत नोंदला जातो. शेजाऱ्यांची विहिरीवरची मोटार सुरू होते त्याच सुमारास बहुधा असे होते. आणि उघड्या शेतात लोखंडी खांब उभा केल्यापासून घरच्यांना विजेची भीती वाटते आहे, ती मलाही रास्त वाटते.

उत्तर : उद्यमबाग_वर्कशॉप

मोटारीचा संशय बरोबर आहे. स्टार्टर ओढला की जवळून गेलेल्या लांब तारेत क्षणिक दाब उमटतो आणि बोर्ड त्याला स्पंद समजतो. रीड स्विचची पाती मिटताना थरथरतात, तेव्हाही एकाचे दोन-तीन मोजले जातात. दोन्हींवर उपाय एकच. स्विचच्या तारेला १० किलोओहमचा रोधक ३.३ व्होल्टकडे लावा, बोर्डाच्या टोकाशी ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जमिनीकडे लावा, आणि प्रोग्रॅममध्ये मागच्या स्पंदानंतर १० मिलिसेकंदांच्या आत आलेला स्पंद टाकून द्या. ताशी १५० किलोमीटरच्या वादळातही आपल्या वाट्या सेकंदाला सुमारे ४१ स्पंद देतात, म्हणजे दोहोंत २४ मिलिसेकंद अंतर असते. खरा स्पंद यात गाळला जाणार नाही. साध्या तारेऐवजी पिळाची लॅन केबल घ्या आणि ती मोटारीच्या केबलला समांतर नेऊ नका. झोत म्हणजे एकाच स्पंदाच्या अंतरावरून काढलेला वेग नव्हे. तो ३ सेकंदांच्या सरासरीचा धरतात आणि चालू वारा १० मिनिटांच्या सरासरीचा. तसे केले की उरलेसुरले खोटे आकडेही बुडतील.

विजेबाबत हयगय नको. आपल्याकडचे वळीव एप्रिल-मेमध्ये कडकडाटासह येतात आणि भाताच्या सपाट शिवारात तो पाइप सर्वांत उंच वस्तू आहे. पाइपाला स्वतःचे अर्थिंग द्या, आणि खांबापासून घरापर्यंत तांब्याची तार मुळीच नेऊ नका. बोर्ड खांबावरच जलरोधक डब्यात ठेवून माहिती वाय-फायने आणा. सौर पॅनेल हिशेबापेक्षा दुप्पट घ्या, कारण जुलैत आपल्याकडे आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. डब्यात शिरणाऱ्या केबलला खाली एक झोल द्या, म्हणजे पाणी तिच्यावरून आत न जाता झोलातून ठिबकेल. आणि डब्याची सगळी भोके बुजवा, कुंभारीण माशी आठवड्यात मातीचे घर करते. गडगडाट ऐकू आला की खांबाजवळ कोणीही जाऊ नये, तारा ताठ करायलासुद्धा नाही.

प्रश्नकर्ता : खानापूर_पश्चिम

कपॅसिटर आणि १० मिलिसेकंदांची अट घातल्यापासून चार दिवसांत एकही खोटा झोत आला नाही. मोटार मुद्दाम सहा वेळा सुरू-बंद करून घेतली. काल मित्राचा हातातला मापक पाइपाजवळ शिडीवरून धरला, तेव्हा दोन्हींत ताशी एका किलोमीटरपेक्षा जास्त फरक दिसला नाही. अर्थिंगचा खड्डा आज खणला. आजपासून गटावरच्या नोंदीत ‘उंची ७ मीटर, पश्चिम बाजू मोकळी’ असे लिहितो आहे आणि मेअखेरपासून दिलेले वेगाचे जुने आकडे १.५१ ने गुणून, दिशेचे मात्र रद्द करून, दुरुस्तीचे पत्रक सर्वांना पाठवले आहे.