तांब्याची लाइन काढून फायबर देतायत. आई-बाबांकडे लँडलाइन ठेवावा की मोबाइलच पुरे?

सहकारनगर_दोन

घर पुण्यात सहकारनगरात, तळमजला, आरसीसी इमारत. आई ७६, बाबा ८१, दोघेच असतात. फोनवाल्यांचं म्हणणं असं की तांब्याची लाइन काढून त्याच नंबरवर फायबर देतो, फोन त्यांच्या डब्याला लागेल. जाणकारांना चार प्रश्न:

गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट गेली की हा फोन चालेल का? बाबांना कानाचं यंत्र आहे, मोबाइलवर आकडे नीट ऐकू येत नाहीत. लँडलाइनच बरा का? हॉल आणि आतली खोली असं दोन ठिकाणी जुनं वायरिंग आहे, ते वापरता येईल? आणि चकती फिरवायचा जुना काळा फोन आहे, त्याचं काय?

तांबेतार

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही, आपोआप चालणार नाही. बाकीचा निर्णय याच्यावरच अवलंबून आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तांब्याच्या लाइनवर फोनला लागणारी वीज एक्स्चेंजमधून, त्याच दोन तारांवरून येते. फोन ठेवलेला असताना तारांवर ४८ ते ५० व्होल्ट डीसी असतात, उचलला की ते ६ ते १२ वर उतरतात, आणि घंटा वाजते तेव्हा ७५ ते ९० व्होल्ट एसी येतात. एक्स्चेंजमध्ये बॅटऱ्यांची रांग आणि जनरेटर, म्हणून अख्खी पेठ अंधारात असली तरी फोन जिवंत. फायबर म्हणजे काच, तिच्यातून वीज येत नाही. घरातल्या डब्याला (ओएनटी म्हणतात तो) महावितरणची वीज लागते. ती गेली की डबा बंद, फोन मुका. नंबर तोच राहील, लाइट गेल्यावरही चालायचा हा गुण मात्र राहणार नाही.

उपाय सोपा आहे. घरात इन्व्हर्टर असेल तर डब्याचा अडॅप्टर इन्व्हर्टरच्या प्लगवर घ्या, विषय संपला. नसेल तर १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस (डब्यापुरती बॅटरी), तापकीर गल्लीत सहज मिळतो. हिशोब असा: डबा साधारण ८ वॅट खातो. २६०० एमएएचचे, ३.७ व्होल्टचे तीन सेल म्हणजे जेमतेम २९ वॅट-तास. गळती धरून तीन तास. गुरुवारची बंदी सकाळी सुरू होऊन दुपारपर्यंत लांबली तर हे पुरत नाही, म्हणून याच्या दुप्पट क्षमतेचा घ्या. खोक्यावर मोठ्या अक्षरात एमएएच छापलेले असतात, त्यावर जाऊ नका, वॅट-तास विचारा. दुकानदाराला सांगता आले नाहीत तर पुढच्या दुकानात जा.

आणि लाइन जोडायच्या आधी एक गोष्ट विचारून घ्या: फायबर थेट घरातल्या डब्यापर्यंत येणार, की गच्चीवरच्या पेटीपर्यंत फायबर आणि तिथून खाली लॅनची केबल? पहिल्या प्रकारात वाटेत विजेवर चालणारं काहीच नसतं, फक्त निष्क्रिय स्प्लिटर (विजेशिवाय प्रकाश वाटून देणारा) असतो. दुसऱ्यात गच्चीवरच्या स्विचलाही वीज लागते, आणि तो बंद पडला तर तुमचा यूपीएस नुसता दिवे लावून बसेल.

कान_आणि_कंपनं

दुसऱ्या प्रश्नावर. ‘लँडलाइनचा आवाज चांगला’ हे पूर्वी खरं होतं, आता अर्धंच खरं आहे.

लँडलाइनवरून ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज जातो. ‘स’चा सूं-सूं भाग बराचसा ४००० च्या वर असतो, तो कापला जातो. म्हणूनच ‘साठ’ आणि ‘आठ’ यांत घोळ होतो. व्होएलटीई कॉलवर (४जी नेटवर्कवरून जाणारा कॉल) आवाज ७००० हर्ट्झपर्यंत जातो आणि ‘स’ स्पष्ट येतो. अट एवढीच की दोन्ही टोकांना तसा कॉल हवा. एका बाजूला लँडलाइन आला की सगळं परत ३४०० वर. म्हणजे तुम्ही मोबाइलवरून लँडलाइनला फोन करत असाल तर ‘साठ’ पुन्हा ‘आठ’ होणार. रक्कम किंवा औषधाचं प्रमाण सांगताना ‘सहा-शून्य’ असं सुटं बोलायची सवय लावा, ते कुठल्याही फोनवर चालतं.

मोबाइलवर बोलताना कानाच्या यंत्रात घर्र असा आवाज येतो का ते बघा. येत असेल तर फोन २जीवर उतरलाय. २जीचा फोन सेकंदाला सुमारे २१७ वेळा झटके देत प्रक्षेपण करतो आणि यंत्र ते पकडतं. ४जीवर हा त्रास फारच कमी. तळमजल्यावर सिग्नल आतपर्यंत पोचत नाही म्हणून फोन २जीवर उतरतो. सेटिंगमध्ये फोनच्या माहितीत सिमची स्थिती उघडून सिग्नलच्या ताकदीचा आकडा बघा (शून्याच्या जितका जवळ तितका बरा): उणे ९५ डीबीएम किंवा त्याहून बरा असेल तर ठीक, उणे ११५ च्या पलीकडे गेला की शब्द तुटणार. त्या काड्या बघू नका, प्रत्येक कंपनी त्या आपल्या मर्जीने काढते. वाय-फाय कॉलिंग सुरू केलं की तळमजल्याचा प्रश्न सुटतो, पण वाय-फायही त्याच डब्यातून येतं. गुरुवारी दोन्ही एकदम जातील.

यंत्र कानामागचं असेल तर रिसीव्हर कानाच्या भोकाशी नाही, यंत्राच्या माइकजवळ, म्हणजे कानाच्या वर थोडा मागे धरायचा. निम्म्या तक्रारी इथेच संपतात.

सहकारनगर_दोन

दोघांनाही धन्यवाद. फायबर थेट घरात येणार आहे, विचारून घेतलं. म्हणजे लँडलाइन यूपीएससह ठेवावा, की सरळ सिम घालायचा टेबल फोन घ्यावा? आणि वायरिंगचं राहिलं.

रोझेट_उघडा

वायरिंग वापरता येतं, पण आधी बाहेरून येणारी तांब्याची जोडी सोडवा. दारापाशी जी पांढरी डबी (रोझेट) आहे तिच्यात बाहेरची जोडी आणि घरातली जोडी एकाच स्क्रूखाली असतात. बाहेरची काढून टोकं सुटी टेप करा. तशीच ठेवून डब्याच्या फोन पोर्टची वायर घरात जोडली तर एक्स्चेंजचे ४८ व्होल्ट आणि डब्याचे व्होल्ट समोरासमोर येतात, पोर्ट जळू शकतो. हे काम जुनी लाइन अधिकृतपणे बंद झाल्यावरच करा, आणि स्क्रू सोडताना उघड्या तारांना हात नको. त्याच क्षणी कुणी फोन केला तर ९० व्होल्टचा चटका बसतो. जुना ब्रॉडबँड असेल तर त्याचा स्प्लिटरही काढून टाका. मग पोर्टची वायर रोझेटमध्ये घरच्या जोडीला जोडली की हॉल आणि आतली खोली दोन्हीकडे फोन लागतो. पुश-बटणाचे दोन सेट सहज चालतात.

चकतीचा फोन: तो लाइन तोडून-जोडून आकडा सांगतो, सेकंदाला साधारण १० वेळा, शून्यासाठी १० टिचक्या. आताचे बरेच डबे फक्त बटणांचे सूर ओळखतात, प्रत्येक बटणाला दोन सूर (५ ला ७७० आणि १३३६ हर्ट्झ). त्यामुळे येणारा फोन घेता येईल, लावता बहुधा येणार नाही. मधे बसवायचा पल्स-टू-टोन कन्व्हर्टर (टिचक्यांचे सूर करून देणारा) असतो. बटणांचा सेट असून नंबर लागत नसेल तर खालचं ‘टी/पी’ (टोन/पल्स) बटण ‘टी’वर आहे का पाहा. येणाऱ्याचा नंबर पडद्यावर दिसेनासा झाला तर सेट बिघडलेला नाही. नंबर पाठवायच्या दोन पद्धती आहेत, डब्यात दुसरी लावायला सांगा.

तांबेतार

सिमचा टेबल फोन की लँडलाइन: नंबर बँकेत, पेन्शनला, नातलगांच्या डायरीत वर्षानुवर्षं असेल तर लँडलाइन ठेवा. लँडलाइनचा नंबर मोबाइलसारखा दुसऱ्या कंपनीत नेता येत नाही, एकदा सोडला की गेला. ‘तोच नंबर’ हे लेखी घ्या, जुनी अनामत कुठे वळती होणार तेही विचारा. ओटीपीसाठी मोबाइल लागणारच, म्हणून बाबांच्या उशाशी एक ४जी बटणांचा फोन असू द्या. त्यावर ५ किंवा ९ दाबून धरल्यावर ११२ (तातडीच्या मदतीचा नंबर) लागतो का, ते त्या फोनच्या पुस्तिकेत पाहून आईंना दाखवा. सिमचा टेबल फोन घेतलाच तर ४जी व्होएलटीईचा घ्या. २जीचे स्वस्त सेट दुकानात अजून मिळतात, पण जिओचं सिम त्यात चालत नाही.

डायरीतले नंबरही दुरुस्त करा. लँडलाइनवरून मोबाइल लावताना १५ जानेवारी २०२१ पासून आधी ० लागतो, मोबाइलवरून घरी लावताना ०२०. सेटच्या मेमरीत भरलेले जुने नंबर याच ० अभावी लागत नाहीत, आणि दोष लाइनला मिळतो.

यूपीएस घेताना डब्याचा जुना अडॅप्टर खिशात घालून न्या. काहींची पिन ५.५ × २.१ मिमी, काहींची ५.५ × २.५, २.१ चा प्लग २.५ च्या पिनेत बसत नाही, उलट केलं तर बसतो पण ढिला राहतो आणि फोन मधेच तुटतो. अडॅप्टरवर ९ व्होल्ट लिहिलं असेल तर १२ चा यूपीएस अजिबात लावू नका. बसवल्यावर रविवारी सगळे घरी असताना मेन स्विच बंद करून किती वेळ टिकतो ते घड्याळ लावून बघा.