'ॲब्सेन्स' ऐकताना घरचे काय म्हणाले? (अनुभव धागा)

खरखर:
परवा वरच्या मजल्यावर बाथरूमच्या फरशा फोडायला घेतल्या. सकाळी नऊपासून ड्रिल. बायको कानात कापूस घालून बसली आणि मी हातात चहा धरून उभा, हे तर ओळखीचं आहे! मग आठवलं. २००६, पुण्यातलं हॉस्टेल, रूममेटने राइट करून दिलेली सीडी, वर मार्करने फक्त 'डॅलेक', म्हणजे एका अमेरिकन रॅप ग्रुपचं नाव. आत त्यांचा 'ॲब्सेन्स' हा अल्बम.

पहिलं गाणं 'डिस्टॉर्टेड प्रोज'. आधी नुसता माणसाचा आवाज. म्हटलं बरंय, कविता वगैरे दिसतेय. आणि मग जे अंगावर येतं! सीडी काढली, बनियनला पुसली, परत लावली. तेच. शेजारच्या खोलीतल्या पीसीवर लावली. तेच. रूममेट पलंगावर लोळून हसतोय.

तीनेक आठवड्यांनी सबमिशनच्या रात्री त्या गोंगाटाखालचे शब्द पहिल्यांदा नीट ऐकू आले. तोवर रॅप म्हणजे गाड्या, साखळ्या आणि पोरी अशी माझी समजूत (अज्ञान माझंच). इथे हा बाबा आवाज न चढवता बोलतोय, आरडाओरडा सगळा मागच्या वाजवण्यात. २००५चा अल्बम, पण आजही कुणाला नाव सांगितलं की 'कोण?' असंच येतं. ऐकला असेल तर लिहा. नसेल तरी लिहा.

चकलीचा_सोऱ्या:
आई स्वयंपाकघरातून ओरडली, "मिक्सरचं भांडं नीट बसलं नाहीये, बंद कर आधी!" मिक्सर बंदच होता. तरी जाऊन प्लग काढून आली.

कुंपणावरचा_सरडा:
खिक्क! आम्ही मेटलवाले मागच्या दाराने घुसलो. हा अल्बम काढणारी इपेकॅक म्हणजे 'फेथ नो मोर' बँडच्या गायकाची, माइक पॅटनची, रेकॉर्ड कंपनी, तिचं मिळेल ते उतरवायचं असा नियम होता. रॅप आहे हे कळल्यावर ग्रुपमधल्या दोघांनी तोंड वाकडं केलं. त्यातला एक आता मला त्याच बँडच्या लिंका पाठवतो. फाउस्ट या जर्मन म्हाताऱ्यांबरोबर २००४ ला आख्खा अल्बम केलाय यांनी, तोही ऐका. जेवून आल्यावर नाही.

आणि हो, उच्चार 'डायलेक' आहे, डॅलेक नाही.

खरखर:
वीस वर्षं चुकीचं म्हणतोय म्हणजे :(

मोगरा_फुलेना:
कहर म्हणजे ती आवाजाची भिंत रचणारा ऑक्टोपस. त्याचं खरं नाव आलाप मोमीन. आईबापांनी हौसेने आलाप नाव ठेवलं आणि पोराने हे केलं!

पळते, शाळेची बस आली.

लेबर_कॅम्प:
मी आंबेडकरी जलसे ऐकत मोठा झालो, त्यामुळे मला शब्दांचं काही नवीन वाटलं नाही, वाजवण्याचं वाटलं. आमच्याकडे ढोलकी शब्दाला उचलून धरते. इथे शब्द बुडतोय की काय अशी भीती वाटत राहते आणि तो काही बुडत नाही. 'ओपिएट द मासेस' वडिलांना ऐकवलं, नावाचा अर्थ सांगितला (जनतेला अफू पाजा). म्हणाले, "बरोबर बोलतोय. पण कोरस कुठाय? मागे चार माणसं नकोत का झील धरायला?" अजून उत्तर सुचलेलं नाही.

दुधी_हलवा:
मला नाही झेपला. 'कोनर'मध्ये तर शब्दही नाहीत, नुसती घरघर. यापेक्षा विसर्जनाच्या डीजेसमोर उभी राहीन.

कुंपणावरचा_सरडा:
@दुधी, डीजेने छाती हलते, याने डोकं. हलके घ्या.

एडिसनकर_काकू:
मी इथे न्यू जर्सीत चौदा वर्षं. रोज ट्रेन न्यूअर्कवरून जाते आणि हे लोक न्यूअर्कचे आहेत हे मला आज या धाग्यावर कळतंय! धन्य. लेकाला विचारलं तर म्हणतो, "आई, तू कशाला ऐकतेस ते?" म्हणजे त्याला माहीत होतं! घरात कुणी काही सांगत नाही. असो. ऐकलं मग, पोळ्या करता करता. दुसऱ्या गाण्याला पोळी करपली.

शेवटची_लोकल:
बाबा गेले त्या वर्षी मला रडूच यायचं नाही. शांत गाणी नकोशी व्हायची, शांततेत ते आठवायचे. 'एव्हर सोम्बर' रिपीटवर लावून कुर्ला ते डोंबिवली दारात उभा राहायचो. त्या खरखरीच्या पोटात एक सूर आहे, रडका नाही, नुसता लांब जाणारा. एकदा मुंब्र्याला आपोआप डोळे वाहिले. शेजारच्या काकांनी काही न विचारता पाण्याची बाटली पुढे केली.

एडिसनकर_काकू:
@शेवटची_लोकल, काळजी घे रे बाळा.

लेबर_कॅम्प:
+१. बोलावंसं वाटलं तर व्यनि (खासगी निरोप) कर.

मोगरा_फुलेना:
आले परत. त्या रूममेटचं काय झालं पण?

खरखर:
इन्शुरन्स विकतो. काल फोन केला, म्हटलं ड्रिल ऐकून तुझी आठवण आली. म्हणाला, "ते राहू दे, टर्म प्लॅन घेतलास का?"

चकलीचा_सोऱ्या:
=)) अवांतर: आईचा मिक्सर आता खरंच तसा आवाज करायला लागलाय. जळका वासही येतो.

दुधी_हलवा:
कार्बन ब्रश गेले असतील. बदलून घ्या, नवीन मिक्सर नका घेऊ लगेच.

एडिसनकर_काकू:
चटणी वाटताना येतो का वास, की रिकामा फिरवतानाही?

चकलीचा_सोऱ्या:
थांबा, बघून सांगतो.