मदत हवी आहे: डेटाबेस सर्व्हरची मेमरी कायम 95 टक्के, वजनकाटा बंद पडतोय

काटा_नंबर_दोन, रात्री 9:40
साखर कारखान्यात आयटी बघतो, एकटाच आहे. डेटाबेस सर्व्हरची मेमरी कायम 95 टक्के भरलेली. रीस्टार्ट केलं की दोन तास बरं, मग परत तेच. टॉप कमांडमध्ये पोस्टग्रेसच्या (आमचा डेटाबेस) साठेक प्रोसेस, प्रत्येकी 6-7 जीबी. मध्येच सगळे डिस्कनेक्ट होतात, काटा बंद, गेटबाहेर ट्रॅक्टरची रांग. रॅम पुरेशी आहे. 'गूगल करा' सांगू नका, करून झालंय. अर्जंट.

टर्मिनलताई, 9:52
पुरेशी म्हणजे किती? पोस्टग्रेसची आवृत्ती? फ्री कमांडचं उत्तर इथे चिकटवा. साठ गुणिले सात म्हणजे 420 जीबी होतात, तेवढी रॅम आहे का तुमच्याकडे?

रॅमभाऊ, 9:55
रॅम वाढवा. विषय संपला. आमच्याकडे 64 ची 128 केली, तेव्हापासून शांत झोपतो.

काटा_नंबर_दोन, 10:03
32 जीबी. लिनक्स. 420 कुठून आले ते मलाही कळत नाही, म्हणून तर विचारतोय. फ्री: टोटल 31, फ्री 1, बफ-कॅशे 26, अव्हेलेबल 18.

टर्मिनलताई, 10:11
मग मेमरी भरलेलीच नाही. 'फ्री' नका बघू, 'अव्हेलेबल' बघा. रिकामी रॅम लिनक्स फाइलींच्या कॅशेला वापरतं आणि मागितली की सोडतं. रीस्टार्टनंतर दोन तासांत तीच कॅशे पुन्हा भरते. आणि शेअर्ड बफर्स, म्हणजे पोस्टग्रेसने डेटासाठी राखलेली मेमरी, सगळ्या प्रोसेसची सामाईक असते. टॉप ती प्रत्येक प्रोसेसच्या नावावर परत मोजतो. एका विहिरीचं पाणी साठ सातबाऱ्यांवर लावल्यासारखं.

जुनाजाणता, 10:14
रोज रात्री आपोआप कॅशे रिकामी करणारा ड्रॉप कॅशेचा क्रॉन लावा. दहा वर्षं लावतोय.

टर्मिनलताई, 10:16
दहा वर्षं रोज सकाळी तुमची डिस्क बोंबलत असेल. डेटा जात नाही, पण फायदाही शून्य.

जुनाजाणता, 10:19
पुस्तकी ज्ञान. असो.

शुद्धलेखन, 10:24
'मेमरी' कशाला? 'स्मृती' हा सुंदर शब्द आहे आपल्याकडे.

रॅमभाऊ, 10:26
'स्मृती भरली' म्हटलं की आजोबांबद्दल बोलतोय असं वाटतं हो.

काटा_नंबर_दोन, 10:30
कृपया विषयावर या. मेमरी भरलेली नाही तर डिस्कनेक्ट का होतं?

माय_का_लाल, 10:33
मायएसक्यूएलवर या. इनोडीबी बफर पूलला रॅमच्या 75 टक्के द्या, बाकी काही बघू नका.

लॉगवाचक, 10:41
वरच्याकडे दुर्लक्ष करा, ऐन गाळप हंगामात कोण डेटाबेस बदलतं? धागाकर्ते, डिस्कनेक्ट रोज होतं की ठरावीक दिवशी? पोस्टग्रेसच्या लॉगमध्ये 'सिग्नल 9: किल्ड' शोधा. डीमेसेजमध्ये (लिनक्सचा स्वतःचा लॉग) 'आउट ऑफ मेमरी' शोधा.

काटा_नंबर_दोन, 10:58
दोन्ही सापडलं!! मला नेटवर्क वाटत होतं, स्विचसुद्धा बदलला. रोज नाही. 1 आणि 16 तारखेला. पंधरवड्याची ऊसबिलं काढतात तेव्हा.

लॉगवाचक, 11:02
हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं होतं. रॅम संपली की लिनक्स एक प्रोसेस मारतं. पोस्टग्रेसचा एक बॅकएंड (एका कनेक्शनची प्रोसेस) असा सिग्नल 9 ने मेला की सामाईक मेमरी बिघडली असेल या शंकेने बाकी सगळी कनेक्शनं तोडली जातात. गुन्हा बिलाच्या क्वेरीचा, शिक्षा काट्याला. वर्क_मेम, म्हणजे क्वेरीच्या कामासाठीची मेमरी मर्यादा, किती ठेवलंय?

काटा_नंबर_दोन, 11:06
512 एमबी. एका ब्लॉगवर होतं. पण तीन वर्षं तेच आहे, कधी त्रास नव्हता.

बांधावरून, 11:08
ऊसबिल पंधरवड्याला? एफआरपी (सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर) 14 दिवसांत द्यायची असते, नाहीतर 15 टक्के व्याज. आमचं दोन महिने थकलंय, त्याची क्वेरी कोण चालवणार?

लॉगवाचक, 11:15
@बांधावरून, वेगळा धागा काढा, मीही येतो. @धागाकर्ते, या हंगामात काय बदललं?

काटा_नंबर_दोन, 11:17
काहीच नाही. फक्त दसऱ्याच्या आधी पोस्टग्रेसची 14 वरून 15 आवृत्ती केली.

टर्मिनलताई, 11:19
फक्त!

लॉगवाचक, 11:31
सापडलं. वर्क_मेम कनेक्शनला एकदा मिळत नाही, क्वेरीतल्या प्रत्येक सॉर्टला, प्रत्येक हॅशला (टेबलं जोडताना मेमरीत बनणारा तक्ता) वेगळी मिळते. आणि 15 मध्ये हॅश_मेम_मल्टिप्लायर (हॅशला वर्क_मेमच्या किती पट) मूळचा 1 चा 2 झाला. म्हणजे एका हॅशला 1 जीबीपर्यंत. बिलाच्या क्वेरीत हॅश जॉइन किती? बिलं किती जण एका वेळी काढतात?

काटा_नंबर_दोन, 11:44
एक्सप्लेनमध्ये (क्वेरी कशी चालते ते दाखवणारी कमांड) चार हॅश, मदतीला दोन पॅरलल वर्कर प्रोसेस. तीन गट ऑफिसं, तिघेही सकाळी दहालाच. शेअर्ड_बफर्स 8 जीबी.

लॉगवाचक, 11:50
मुख्य प्रोसेस धरून तीन, गुणिले चार, 12 जीबी. तीन ऑफिसं, 36. वर 8. सगळे हॅश पूर्ण भरले तर 44 जीबी, तुमच्याकडे 32. जुन्या आवृत्तीत हेच 26 होत होतं, कसंबसं मावत होतं. वर्क_मेम 16 एमबी करा, रीलोड पुरे, रीस्टार्ट नको. फक्त बिलाच्या युजरला ऑल्टर रोल कमांडने 128 एमबी द्या. लॉग_टेम्प_फाइल्स चालू ठेवा, मेमरीत न मावलेलं डिस्कवर किती सांडतंय ते कळेल.

टर्मिनलताई, 11:56
शिवाय लिनक्सची ओव्हरकमिट_मेमरी 2 करा, म्हणजे ते मर्यादेबाहेर मेमरी कबूल करणार नाही. मग शक्यतो ती एकच क्वेरी एरर देईल, काटा चालू राहील.

लॉगवाचक, 11:59
नको, लगेच नको. ओव्हरकमिट_रेशो मूळचा 50 असतो, तसाच ठेवला तर स्वॅप (डिस्कवरची जादा मेमरी) सोडून निम्म्याच रॅमवर मर्यादा येईल. आधी टेस्ट मशीनवर.

टर्मिनलताई, रात्री 12:01
बरोबर, रेशो राहिला लिहायचा.

काटा_नंबर_दोन, 16 तारीख, सकाळी 11:20
तिन्ही ऑफिसांची बिलं निघाली. पूर्वी चार मिनिटं लागायची, आज सात. काटा एकदाही थांबला नाही. अकाउंटवाले मात्र म्हणतात, सर्व्हर स्लो झालाय, आयटीने काहीतरी केलं.

रॅमभाऊ, 11:32
म्हणून म्हणत होतो, रॅम वाढवा.