फॅक्टरी रेकॉर्ड्सचे अमेरिकेतले रिलीज: चार्टचा तक्ता कसा लावायचा?

तबकडी
मँचेस्टरच्या फॅक्टरी रेकॉर्ड्सने १९७८ ते १९९२ या काळात अमेरिकेत काय काय काढलं आणि ते बिलबोर्ड या अमेरिकन साप्ताहिकाच्या चार्टवर कुठवर गेलं, याचा तक्ता करायला घेतला आहे. ब्रिटनची बाजू जवळपास पूर्ण झाली, अमेरिकेची मात्र जुळत नाही. अडचणी अशा:
– न्यू ऑर्डर या बँडच्या 'ब्लू मंडे'साठी एका ठिकाणी ५, दुसरीकडे ६८, तिसरीकडे १ असे आकडे दिसतात. खरा कोणता?
– अमेरिकन प्रतींवर फॅक्टरीऐवजी क्वेस्ट, इलेक्ट्रा, स्ट्रीटवाइज अशी नावं आहेत. मग ते फॅक्टरीचे रिलीज धरायचे की नाही?
– कॅटलॉग क्रमांकांत मोठाल्या फटी आहेत. त्या रेकॉर्ड अमेरिकेत निघाल्याच नाहीत का?

बी-साइड
तिसरा प्रश्न आधी निकालात काढू. फॅक्टरीचे क्रमांक फक्त रेकॉर्डना नव्हते. फॅक १ हे पोस्टर आहे आणि फॅक ५१ म्हणजे हासिएंडा क्लब. त्यामुळे मधला क्रमांक सापडला नाही म्हणजे रेकॉर्ड हरवली असं होत नाही. तक्ता फॅक क्रमांकानुसार लावू नका, ध्वनिमुद्रणानुसार लावा आणि क्रमांक शेजारच्या रकान्यात ठेवा.

आता लेबलांचं. फॅक्टरीचा माल अमेरिकेत वेगवेगळ्या वाटांनी पोचला आणि तुमचा घोळ त्या एकत्र केल्यामुळे झाला आहे. पहिली वाट म्हणजे थेट आयात: ब्रिटिश प्रत, ब्रिटिश क्रमांक, अमेरिकन चार्टवर जवळपास अदृश्य. दुसरी म्हणजे न्यूयॉर्कमधून चालणारी फॅक्टरीची अमेरिकन शाखा, तिच्या प्रतींवर 'फॅक्टस' हा उपसर्ग असतो. तिसरी वाट एकेका रेकॉर्डच्या परवान्याची: न्यू ऑर्डरचं 'कन्फ्यूजन' आर्थर बेकरसोबत झालं आणि अमेरिकेत त्याच्याच स्ट्रीटवाइजवर निघालं. चौथी वाट मोठ्या कंपनीशी करार, आणि चार्टवरचं बहुतेक यश तिथलंच. न्यू ऑर्डर १९८५ पासून क्विन्सी जोन्सच्या क्वेस्टवर होते, वितरण वॉर्नर ब्रदर्सचं. हॅपी मंडेज इलेक्ट्रावर. 'इलेक्ट्रॉनिक' हा बँड थेट वॉर्नर ब्रदर्सवर.

चौथ्या वाटेच्या नोंदी गाळल्यात तर हातात फारसं काही उरणार नाही. म्हणून दोन रकाने करा, 'मूळ लेबल' आणि 'अमेरिकेतलं लेबल / वितरक'. मूळ लेबल फॅक्टरी असेल तर नोंद घ्या.

उलट दिशेचा सापळाही लक्षात असू द्या. ओएमडी या बँडचं पहिलं सिंगल 'इलेक्ट्रिसिटी' फॅक ६ आहे, पण त्यांच्या पुढच्या अमेरिकन हिटशी फॅक्टरीचा संबंध नाही. आणि फॅक्टरी नोव्हेंबर १९९२ मध्ये बुडाली. न्यू ऑर्डरचं 'रिग्रेट' (हॉट १०० या बिलबोर्डच्या मुख्य सिंगल चार्टवर २८) आणि 'रिपब्लिक' अल्बम (अल्बम चार्टवर ११) हे दोन्ही १९९३ चे, ब्रिटनमध्ये लंडन रेकॉर्ड्सकडचे. अमेरिकन प्रतीवर क्वेस्टच दिसतं म्हणून ते हमखास फॅक्टरीच्या यादीत घुसवले जातात. ते बाहेरच ठेवायला हवेत.

खरखर
'ब्लू मंडे'चे तिन्ही आकडे खरे आहेत, फक्त चार्ट आणि आवृत्ती वेगळी आहे.

१९८३ ची मूळ बारा इंची तबकडी (फॅक ७३) बिलबोर्डच्या डान्स चार्टवर ५ पर्यंत गेली, हॉट १०० वर आलीच नाही. क्विन्सी जोन्स आणि जॉन पोटोकर यांनी नव्याने मिक्स केलेलं 'ब्लू मंडे १९८८' क्वेस्टवर निघालं. ते हॉट १०० वर ६८ आणि डान्स चार्टवर १. दोन स्वतंत्र ओळी करा. ब्रिटनमध्येसुद्धा मूळ आवृत्तीच्या दोन फेऱ्या आहेत: १९८३ च्या वसंतात १२, मग उतरून ऑक्टोबरमध्ये ९.

हा फरक का पडतो? डान्स, म्हणजे क्लब चार्ट डीजे मंडळींच्या अहवालावर चालायचा. किती प्रती खपल्या याच्याशी त्याचा थेट संबंध नाही. शंभर क्लबमध्ये आयात केलेली बारा इंची वाजली तरी रेकॉर्ड वर चढते. हॉट १०० ला मात्र दुकानातली सिंगलची विक्री आणि पॉप रेडिओ, दोन्ही लागत. सात मिनिटांहून लांब, बारा इंचीच निघालेली रेकॉर्ड स्वतंत्र वितरणातून गेली की ही दोन्ही दारं तिला अवघड. जॉय डिव्हिजनच्या 'लव्ह विल टेअर अस अपार्ट'चंही हेच: डिस्को चार्टवर ४२, हॉट १०० वर शून्य.

मॉडर्न रॉक ट्रॅक्स हा बिलबोर्डचा तिसऱ्या प्रकारचा चार्ट. तो सप्टेंबर १९८८ मध्ये सुरू झाला आणि केवळ रेडिओवर मोजला जायचा. त्याआधीच्या गाण्यांपुढे त्या रकान्यात 'लागू नाही' लिहा. नुसती रेघ मारलीत तर वाचणाऱ्याला वाटेल गाणं आपटलं. हॅपी मंडेजचं 'किंकी आफ्रो' तिथे पहिल्या क्रमांकावर होतं. हॉट १०० वर त्यांचं 'स्टेप ऑन' दिसतं, तेही ५७ वर. एकाच रकान्यात हे दोन आकडे ठेवले तर तक्ता खोटं बोलतो.

फॅक्टरीच्या हयातीत हॉट १०० वर सर्वांत वर गेलेलं म्हणजे 'ट्रू फेथ', ३२. त्यानंतर इलेक्ट्रॉनिकचं 'गेटिंग अवे विथ इट', ३८.

तबकडी
आता उलगडा झाला. अल्बममध्ये एक कोडं आहे. 'सब्स्टन्स'पुढे कुठे ३६ तर कुठे १४६ आहे. हीसुद्धा दोन चार्टांची भानगड का? आणि ३६ वर थांबलेला अल्बम प्लॅटिनम कसा?

बी-साइड
नाही, ते दोन निरनिराळे अल्बम आहेत. न्यू ऑर्डरचा 'सब्स्टन्स' १९८७ चा, फॅक्ट २००, सर्वोच्च स्थान ३६. जॉय डिव्हिजनचा 'सब्स्टन्स' १९८८ चा, फॅक्ट २५०, सर्वोच्च स्थान १४६. अमेरिकेत दोन्ही क्वेस्टवरच, त्यामुळे लेबल पाहून फरक कळत नाही. कलाकाराचं नाव आणि क्रमांक दोन्ही तपासा.

प्लॅटिनमबद्दल. सर्वोच्च स्थान एका आठवड्याचं असतं, प्रमाणपत्र वर्षानुवर्षांच्या एकूण मालाचं. न्यू ऑर्डरचा 'सब्स्टन्स' हळूहळू, पण सतत खपत राहिला. शिवाय प्रमाणपत्र देणारी आरआयएए ही अमेरिकन संस्था त्या काळी दुकानांकडे रवाना झालेला माल मोजायची, आणि शंभर मिनिटांहून मोठ्या संचातली प्रत्येक डिस्क वेगळी धरते. दोन सीडींचा संच त्यामुळे दुप्पट मोजला जाऊ शकतो. 'प्लॅटिनम म्हणजे दहा लाख लोकांनी घेतला' असं या अल्बमपुढे लिहू नका.

ब्रिटनच्या रकान्यात याच्या उलट गंमत दिसेल: 'ब्लू मंडे' इतकं खपूनही त्या काळात त्याला गोल्ड डिस्क नाही, कारण गोल्ड डिस्क देणाऱ्या बीपीआय या ब्रिटिश रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेची फॅक्टरी सभासदच नव्हती. तिथली रिकामी जागा विक्रीबद्दल काहीच सांगत नाही.

खरखर
एक भर. १९९१ च्या आधीचे चार्टवरचे क्रमांक आणि नंतरचे क्रमांक एका मापात तोलू नका. तोवर दुकानं आपापल्या खपाचे क्रम कळवत. साउंडस्कॅन या यंत्रणेने केलेली विक्रीची प्रत्यक्ष मोजणी अल्बम चार्टला मे १९९१ मध्ये लागली, हॉट १०० ला त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये. फॅक्टरीचं जवळपास सगळं काम त्या रेषेच्या आधीचं आहे.

पडताळणीसाठी स्कॅन केलेले जुने अंक उघडा. १९८७ मध्ये अल्बम चार्टचं नाव 'टॉप पॉप अल्बम्स' होतं, 'बिलबोर्ड २००' हे नाव १९९२ पासूनचं. चुकीच्या नावाने शोधलंत तर काही सापडणार नाही. हॉट १०० च्या ओळीत डावीकडे हा आठवडा, मागचा आठवडा, त्यामागचा आठवडा आणि चार्टवरचे एकूण आठवडे असे आकडे असतात. गाण्याखाली बारीक अक्षरात निर्माता आणि गीतकार, कलाकारापाशी लेबल, क्रमांक आणि तिरक्या रेघेनंतर वितरक. तुमच्या 'अमेरिकेतलं लेबल / वितरक' या रकान्याचा मजकूर तिथून जसाच्या तसा उतरवता येतो. वर्षाचा शेवटचा अंक दोन आठवड्यांचा असे, म्हणून आठवडे स्वतः मोजू नका, पुढच्या अंकात छापलेला एकूण आकडा घ्या.

आणि 'बिझार लव्ह ट्रँगल'कडे नीट पाहा. मूळ १९८६ चं, फॅक्टरीचं, डान्स चार्टवर ४. हॉट १०० वरचं ९८ हे १९९५ चं, नव्या मिक्सचं. आणि ४९ दिसला तर तो न्यू ऑर्डरचा नाहीच, फ्रेंटे या ऑस्ट्रेलियन बँडने १९९४ मध्ये केलेल्या कव्हरचा आहे.