बी४५० बोर्डवर नवीन प्रोसेसर बसवला, पंखे फिरतात पण डिस्प्लेच येईना

प्रश्न:
मंडळी मदत हवीये. बी४५० मदरबोर्डवर आधीपासून रायझन ३ २२००जी प्रोसेसर होता, आता रायझन ५ ५६०० घेतला, सॉकेट (प्रोसेसर बसतो ती जागा) तोच एएम४ म्हणून म्हटलं घरीच बदलू. प्रोसेसरवरच्या कूलरचे चारही स्क्रू काढले तरी कूलर सुटेना, जरा जोर लावला तर प्रोसेसर त्याला चिकटून सॉकेटमधून उपटूनच आला, प्रोसेसर धरून ठेवणारा सॉकेटचा लिव्हर खालीच होता! नवीन बसवला, थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलरमध्ये लावतात ती) लावली, बटण दाबलं तर पंखे फिरतात पण मॉनिटरवर नो सिग्नल, आणि बोर्डवर सीपीयू लिहिलंय तिथला लाल लाईट पेटूनच राहतो. रॅम काढून घालून झाली, बोर्डवरचा छोटा सेल पण काढून पाहिला. एचडीएमआय केबल बोर्डलाच आहे, आधी होती तशीच. बोर्ड उडाला का? कामाच्या सगळ्या फाइल्स त्यात आहेत, रात्रभर झोप नाही लागली.

उत्तर १:
फाइल्स एसएसडीवर आहेत, त्यांना काही होत नाही, आधी शांत झोपा. बोर्ड उडालाय असं वाटत नाही, बायोस (बोर्डमधलं, पीसी सुरू करणारं सॉफ्टवेअर) जुना असणार. बी४५० आला २०१८ ला आणि ५६०० आला २०२२ ला, त्यामुळे २०१८ च्या बायोसला हा प्रोसेसर ओळखताच येत नाही. जुना प्रोसेसर परत लावा, बोर्डच्या कंपनीच्या साईटवर तुमच्या मॉडेलची सीपीयू लिस्ट बघा, ५६०० समोर जो बायोस व्हर्जन दिलाय तो किंवा त्यानंतरचा घ्या, पेन ड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करून त्यातून अपडेट मारा. मध्येच लाईट गेली तर बोर्ड खरंच जाईल, यूपीएस असेल तर त्यावरच करा. आणि बिटलॉकर (विंडोजचं ड्राइव्ह कुलूपबंद ठेवणारं फीचर) चालू असेल तर रिकव्हरी की आधी लिहून ठेवा, हे लोक हमखास विसरतात.

उत्तर २:
वरचं बरोबर आहे, पण बायोस टाकूनही बोर्डच्या एचडीएमआयवर काही दिसणार नाही. २२००जी मधल्या जी चा अर्थ आत ग्राफिक्स आहे, ५६०० मध्ये ते नाहीच. वेगळं ग्राफिक्स कार्ड लागेल आणि केबल त्या कार्डला लावायची. कार्ड घ्यायचं नसेल तर परत करून ५६००जी घ्या.

प्रश्नकर्ता:
हे मला माहीतच नव्हतं! जीटी १०३० ग्राफिक्स कार्ड पडून आहे, ते लावतो. पण जुना प्रोसेसर आत्ता उलटा करून बघितला तर कडेच्या दोन पिना वाकल्यात...

उत्तर ३:
घाबरू नका, तुटल्या नाहीत ना, मग सरळ होतात. ०.५ ची मेकॅनिकल पेन्सिल घ्या, शिसं काढून टाका, पुढची नळी पिनेवर अलगद बसवा आणि अगदी थोडं थोडं सरळ करा. एकदम झटका दिलात तर पिन तुटेल. मग तिरकं धरून रांगा बघा, सगळ्या एका रेषेत दिसल्या पाहिजेत. सॉकेटमध्ये प्रोसेसर स्वतःच्या वजनाने बसतो, दाबावं लागलं तर समजा अजून एखादी पिन वाकडी आहे. पुढच्या वेळी पीसी आधी पंधरा-वीस मिनिटं चालवा म्हणजे पेस्ट मऊ होते, मग बंद करून प्लग काढा आणि कूलर वर न ओढता डावीउजवीकडे फिरवून सोडवा.

प्रश्नकर्ता:
झालं!! एक पिन तीनदा सरळ करावी लागली, हात थरथरत होते, पण २२००जी वर चालू झाला, बायोस टाकला, मग ५६०० आणि कार्ड लावलं. लाल लाईट दोन सेकंद पेटून गेला आणि स्क्रीन आली. फाइल्स सगळ्या जागेवर आहेत, आत्ता पहिलं काम त्यांचा बॅकअप घेतोय. तिघांचेही मनापासून आभार.